सर, या कामात पगार किती?

लॉ कॉलेजच्या मुलांना जेलच्या लीगल एडला, म्हणजे कैद्यांना मोफत कायदेशीर मदत द्यायला न्यायचं, तर मोबाइल फाटकावर जमा. आत गेलं की कच्च्या, म्हणजे खटला न संपलेल्या कैद्यांचा पहिला प्रश्न एकच: "माझी तारीख कधी?" गुन्ह्याबद्दल कुणी बोलत नाही.

त्या शनिवारी शेवटच्या वर्षाची एक मुलगी फॉर्म भरत होती. समोरचा माणूस तांब्याच्या तारेच्या चोरीत नऊ महिने आत. वकील? "येत नाहीत." तिनं केस नंबर वहीत उतरवला आणि बाहेर मोबाइल हाती येताच ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या वेबसाइटवर टाकला.

"सर, याला पाच महिन्यांपूर्वीच जामीन झालाय!"

पंधरा हजार आणि एक जामीनदार. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंगाला ई-मेल करा, सात दिवसांत माणूस सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2023 मध्येच सांगितलंय. इथे तो ई-मेल कुठे अडकला, हे मला आजही कुणी सांगत नाही.

जामीनदाराची अट शिथिल करण्याचा अर्ज तिनं लिहिला. पहिल्या मसुद्यात कच्च्या कैद्यांचा गाजलेला हुसैनारा खातून निकाल, संविधानाचं कलम 21, 39-अ, सगळं. मी निम्मं खोडलं. अटकेची तारीख, जामिनाची तारीख, मधले दिवस, नावावर सातबारा नाही. एवढंच ठेव म्हटलं. तिसरा मसुदा माझ्यापेक्षा चांगला होता. तिच्याकडे अजून वकिलीची सनद नाही म्हणून सही लीगल एड पॅनेलच्या वकिलांची. दोन मिनिटांत जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या हमीवर, सुटकेचा हुकूम.

कँटीनमध्ये तिनं विचारलं, "सर, या कामात पगार किती?"

कॉर्पोरेट फर्म्ससाठी आमच्या प्लेसमेंट सेलला वेगळी खोली आहे. या कामासाठी माझा एक ड्रॉवर. मी 2022 च्या लीगल एड डिफेन्स काउन्सेल योजनेचं, म्हणजे गरीब आरोपींसाठी नेमलेल्या बचाव वकिलांच्या योजनेचं सांगितलं: नव्या सनदवाल्यांनाही सहायक म्हणून घेतात, काम पूर्णवेळ, खासगी वकिली बंद.

"कायम?"

"कंत्राटी."

तिच्यावर शैक्षणिक कर्ज आहे. शेजारी बसलेले एक सहकारी म्हणाले, "समाजसेवा रिटायर झाल्यावर कर." हेच गृहस्थ दरवर्षी संविधान दिनाला भाषण करतात. मी मात्र त्यांना काही बोललो नाही.

ती मुंबईच्या फर्ममध्ये गेली. शिफारसपत्र माझंच. त्या माणसाच्या दर तारखेच्या संध्याकाळी तिचा मेसेज येतो: "सर, तो आला होता का?"

परवा तो आला नाही. वॉरंट निघालंय. तिला अजून उत्तर दिलेलं नाही.