नऊ वाजताचा ढग

हवामानशास्त्रात पीएचडी झाली तेव्हा वाटलं होतं, आता जन्मभर संगणकासमोर बसायचं. प्रत्यक्षात सोलापूर जिल्ह्यात जास्त बसले ती बेदाण्याच्या शेडमध्ये, उलट्या क्रेटवर.

इन्सॅट मालिकेतले हवामान उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून दर अर्ध्या तासाला ढग टिपतात. मूळ डेटा इस्रोच्या मोसडॅक संकेतस्थळावर नाव नोंदवून उतरवता येतो. ‘माहिती सगळ्यांसाठी खुली आहे’ हे वाक्य पहिल्या वर्षी मी प्रत्येक भाषणात टाकायचे. माहिती खुली होतीच, फक्त ती फाइल कुणाच्या मोबाइलवर उघडत नव्हती. म्हणून मीच डेटातून चित्रं बनवून शेतकऱ्यांना पाठवू लागले.

मार्चचे दिवस. कासेगावच्या एका काकांचा माल रॅकवर पडून आठवडा झालेला. दुपारी तीननंतर मी त्यांना चित्र पाठवलं. पंढरपूरच्या पश्चिमेला ढग चांगलाच फुगत होता. काकांनी पडदे सोडलेच नाहीत. संध्याकाळी वाऱ्यासकट पाऊस शेडमध्ये घुसला आणि माल काळा पडला.

दुसऱ्या दिवशी गेले. काका रागावलेही नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, “मॅडम, चित्रावर नऊ लिहिलंय. सकाळी नऊचा ढग दुपारपर्यंत कुठल्या कुठं गेला आसंल, म्हटलं.”

कोपऱ्यात ०९०० छापलं होतं खरं. ती ग्रिनिचची वेळ. आपले साडेपाच तास मिळवले की दुपारचे अडीच. आम्हा लोकांना ही बेरीज करतोय हेही जाणवत नाही, इतकी ती अंगवळणी पडलेली असते. त्यात उपग्रहाला एक चित्र पूर्ण टिपायलाच सुमारे २६ मिनिटं लागतात. म्हणजे काकांच्या हातात होतं ते अगदी ताजं चित्र होतं, आणि मी त्यावर शिळा शिक्का मारून पाठवलं होतं.

त्या रात्री चित्रावरचं घड्याळ बदलून भारतीय वेळ लावली. मग एकेक गाठ सुटत गेली, किंवा नवी दिसत गेली. पांढरं दिसलं की पाऊस, असं सगळेच धरून चालायचे. अवरक्त, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या चित्रात पांढरं म्हणजे थंड, म्हणजे उंच, एवढंच. वरचे पातळ पिंजलेले ढगही पांढरेशुभ्र दिसतात आणि थेंबही देत नाहीत. म्हणून एकाऐवजी लागोपाठची तीन चित्रं पाठवू लागले. डाग पसरतोय का, कडा ठसठशीत होतेय का, एवढंच बघा म्हणायचे.

सांगोल्यात एका डाळिंबवाल्यानं विचारलं, “माझ्या अडीच एकरात पडंल का, तेवढं सांगा.” अवरक्त चित्राचा एक ठिपका साधारण चार किलोमीटर लांब-रुंद. म्हणजे जवळपास चार हजार एकर. त्याला तसं सांगितल्यावर तो खो खो हसला. “मग तुमच्यापेक्षा आमचा तलाठी बरा, बांधापतूर तरी येतो.”

त्याचं खोटं नव्हतं. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून तेलंगणमार्गे आपल्याकडे आलेली प्रणाली आधीपासून चित्रात चालत येताना दिसत होती. उन्हाळ्यातला वळीव मात्र तास-दोन तासांत उभा राहतो आणि कुणाच्या तरी शिवारात रिकामा होतो. तिथं रडार लागतं, हवामान विभागाचा इशारा लागतो. उपग्रहाचं एकटं चित्र बघून माल भरू नका की काढू नका, हे आता मी सुरुवातीलाच सांगते. भाषणाचा रुबाब थोडा उतरतो, उतरू दे.

कासेगावचे काका मार्च लागला की अजून फोन करतात. मालाचं कधी काढत नाहीत.

“मॅडम, अडीचचं आलं. तीनचं कुठं अडकलंय?”

बहुतेक वेळा ते माझ्याकडेही आलेलं नसतं.