बायसेप्सचा टेंडन तुटल्यानंतरचं वर्ष

बायसेप्सचा, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूचा, खालचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटला तरी कोपर वाकतं. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण इथेच अनेक लिफ्टर फसतात. ‘स्नायू जरा ओढला गेलाय’ म्हणत बर्फ लावत बसतात आणि उपचाराचे सगळ्यात मोलाचे दोन-तीन आठवडे हातचे जातात. कोपर वाकवण्याचं मुख्य काम बायसेप्सच्या खाली दडलेला ब्रेकिॲलिस हा स्नायू करतो. बायसेप्सचा सगळ्यात मोठा वाटा आहे तो तळहात उताणा करण्यात. त्याचा खालचा टेंडन कोपराच्या किंचित खाली रेडियस हाडावरच्या एका उंचवट्याला चिकटलेला असतो. स्नायू आखडला की ते हाड फिरतं आणि पालथा हात उताणा होतो.

मी चाळिशी ओलांडलेला, बरीच वर्षं बार उचलणारा माणूस. माझा डावा टेंडन तुटला तो डेडलिफ्ट करताना, म्हणजे वजनाचा बार जमिनीवरून उचलून उभं राहताना. मिक्स्ड ग्रिप होती, म्हणजे उजवा हात पालथा आणि डावा उताणा. बार गुडघ्यांच्या वर आला आणि डाव्या कोपराच्या खळग्यात जाड कापड टर्रकन फाटावं तसा आवाज झाला. बार हातून सुटला. पहिली काही मिनिटं आग झाली, नंतर ठणका एवढा उतरला की बाजूची मंडळी पाणी देऊन ‘थोडं बस, होईल ठीक’ म्हणू लागली.

मिक्स्ड ग्रिपमध्ये उताण्या हाताच्या बायसेप्सवर जास्त भार येतो. त्यात कोपर किंचित वाकलेलं असलं, तर वजन ते सरळ करू पाहतं आणि स्नायू ते वाकलेलंच ठेवू पाहतो. आखडलेला स्नायू असा जबरदस्तीने लांबवला जातो, तेव्हाच टेंडन हाडापासून सुटतो. मध्यमवयीन पुरुषांत हे जास्त आढळतं. धूम्रपान आणि ॲनाबॉलिक स्टिरॉइड्स यांनी धोका आणखी वाढतो. यातलं वय सोडून मला काहीच लागू नव्हतं, तरी झालं.

मी हात वाकवून दाखवत होतो. आमचे कोच आले, त्यांनी दंडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “वाकवून नको दाखवूस रे. तळहात वर कर, मी दाबून धरतो.” त्यांनी माझा पंजा पालथा धरून ठेवला आणि मी तो उलटवायचा प्रयत्न केला. उजव्या हाताने त्यांना सहज हटवलं. डाव्याने काहीच झालं नाही. तोवर बेटकुळीही जागा सोडून खांद्याच्या बाजूला सरकली होती आणि कोपराच्या वरचा भाग चपटा दिसत होता. “उद्याच्या उद्या हाडांच्या डॉक्टरांकडे,” कोच म्हणाले. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी कोपराच्या खळग्यापासून मनगटाच्या दिशेने हात काळानिळा पडला होता. डॉक्टरांनी कोपर काटकोनात वाकवून तळहात उताणा ठेवायला सांगितला आणि आपलं तर्जनीचं बोट बाहेरच्या बाजूने कोपराच्या घडीत घातलं. धडधाकट हातात तिथे दोरीसारखा टणक टेंडन असतो आणि बोट त्याखाली आकड्यासारखं अडकतं. माझ्या उजव्या हातात अडकलं. डाव्या हातात अडकायला काही नव्हतं, बोट नुसतं मऊ मांसात गेलं. याला हुक टेस्ट म्हणतात. मला त्यांनी माझंच बोट घालून दोन्ही हात तपासायला लावले. तो रिकामा खळगा स्वतःच्या बोटाला लागला तेव्हा पुढचं काही समजावून सांगायची गरजच राहिली नाही.

एमआरआय काढला तो किती टेंडन तुटलाय आणि किती वर ओढला गेलाय हे पाहायला. त्यासाठी पालथं झोपून, हात डोक्याच्या वर घेऊन, कोपर वाकवून, अंगठा छताकडे ठेवून मशीनमध्ये जायचं असतं. दुखऱ्या हाताने ती स्थिती अवघड जाते, पण त्यात टेंडन एका चित्रात लांबच्या लांब दिसतो. माझा पूर्ण तुटला होता.

मग प्रश्न शस्त्रक्रियेचा. न केल्यास हात निकामी होत नाही, हे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. वाकवण्याची ताकद साधारण ३० टक्के जाते, उताणं करण्याची ४० टक्क्यांच्या आसपास. बैठं काम करणाऱ्या, वय झालेल्या माणसाला तेवढ्यावर निभावता येतं आणि अनेक जण तसं निभावतातही. मला बार सोडायचा नव्हता. करायची असेल तर दोन-तीन आठवड्यांच्या आत करावी, कारण तुटलेलं टोक वर आखडत जातं, आजूबाजूला व्रणाच्या गाठी धरतात आणि मग ते हाडापर्यंत खाली आणता येत नाही. फार उशीर झाला तर दुसरीकडचा टेंडन घेऊन जोड द्यावा लागू शकतो. माझी त्या मुदतीत झाली.

शस्त्रक्रियेबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. कोपराच्या पुढच्या बाजूला एक छेद, हाडात एक भोक, टेंडनच्या टोकाला ओवलेले धागे आणि हाडाच्या पलीकडे अडकवलेलं धातूचं छोटं बटण. भूल उतरल्यावर सर्जननी जखम बघायच्या आधी म्हटलं, “बोटं ताणून दाखवा. आता अंगठा वर करा.” तिथून जाणारी एक नस बोटं आणि अंगठा सरळ करते आणि ती या शस्त्रक्रियेत दुखावण्याची भीती असते. अंगठा वर झाला. त्यांच्याइतकाच मीही सुटकेचा श्वास सोडला.

दुसरी नस मात्र रुसली. कोपरापासून मनगटापर्यंत हाताची बाहेरची बाजू बधिर झाली. शर्टाची बाही तिथून गेली की कुणा दुसऱ्याच्या हातावरून गेल्यासारखं वाटायचं आणि नखाने हलकंसं खाजवलं तरी मुंग्या यायच्या. या शस्त्रक्रियेनंतर सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार हीच. छेद करून मांस बाजूला ओढून धरताना त्वचेची नस ताणली जाते. बहुतेकांची ती काही महिन्यांत सुधारते. ज्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे त्यांनी हे आधीच डॉक्टरांकडून समजून घ्यावं, नाहीतर पहिल्याच आठवड्यात काहीतरी भयंकर बिघडलं म्हणून जीव घाबरा होतो.

सुरुवातीला प्लास्टरची पट्टी, मग बिजागरीचा ब्रेस. त्या बिजागरीवर अंशांची तबकडी असते आणि हात किती अंशापर्यंत सरळ होऊ द्यायचा ते तिथे बंद करता येतं. दर आठवड्याला फिजिओ मॅडम ती थोडी सैल करत. प्रत्येक सर्जनचं वेळापत्रक वेगळं असतं, काही जण लवकर मोकळं करतात, काही उशिरा, त्यामुळे माझं वेळापत्रक कुणी उचलू नये. नियम मात्र सगळीकडे जवळपास सारखाच असतो. पहिले ६ आठवडे त्या हाताने काही उचलायचं नाही आणि जोर लावून तळहात फिरवायचा नाही. दुसऱ्या हाताने आधार देऊन कोपर हलवायचं आणि हलकेच मनगट फिरवायचं, बस.

या काळात ताकदीपेक्षा जास्त आठवण आली ओंजळीची. सकाळी तोंडावर पाणी मारायला दोन्ही हात पुढे करायचो तर उजवा पुरता उताणा व्हायचा, डावा अर्ध्यावर थांबायचा आणि पाणी त्याच्या कडेने कोपराकडे ओघळायचं. हात सरळ होण्याची प्रगती ब्रेसच्या तबकडीवर वाचता येत होती. फिरण्याची प्रगती मी रोज बेसिनपाशी पाहत होतो. हात पुरता सरळ आधी झाला, ओंजळ भरायला त्यानंतरही बरेच आठवडे गेले.

व्यायाम पूर्ण बंद ठेवला नाही. टाके निघून जखम भरली, डॉक्टरांनी परवानगी दिली आणि लेग प्रेस, म्हणजे यंत्रावर पायांनी वजन ढकलणं, सुरू केला, कारण त्यात हाताने काही धरावं लागत नाही. पोट-पाठीचे व्यायाम केले. उजव्या हाताने डंबेल उचलत राहिलो. एका हाताला व्यायाम दिला की मज्जासंस्थेमार्फत दुसऱ्या, बांधून ठेवलेल्या हातालाही त्याचा काही अंश मिळतो आणि त्याची ताकद कमी घसरते, हे संशोधनात दिसलेलं आहे. मनाला तर त्याचा फार मोठा आधार होता.

सगळ्यात नाजूक काळ आला तो ब्रेस निघाल्यानंतर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. दुखणं जवळजवळ संपलेलं, हात सरळ होतोय, वाकतोय, दंड पुन्हा भरू लागलाय. स्नायूला रक्तपुरवठा भरपूर, तो आठवड्यांत उभारी धरतो. टेंडनला रक्त बेताचंच मिळतं. हाडाशी धरलेला जोड आणि आतले कोलॅजनचे तंतू भाराच्या दिशेने नीट लावून घ्यायला त्याला वर्षाच्या आसपास लागतं. म्हणजे ओढणारा तयार आणि दोरी अजून कच्ची. फिजिओ मॅडमना मी एकदा म्हटलं, “मॅडम, आता अजिबात दुखत नाही, वजन वाढवू का?” त्या म्हणाल्या, “दुखत नव्हतं तर तुटलं त्याच दिवशी संध्याकाळी तुम्ही कर्ल मारायला हवे होते.” कर्ल म्हणजे हातात वजन धरून कोपर वाकवण्याचा व्यायाम. त्यानंतर वजन त्या ठरवत आणि मी वहीत लिहून घेत असे.

फिरवण्याची ताकद परत आणायला त्यांनी दिली एक साधी हातोडी. कोपर वाकवून बरगडीला चिकटवायचं, बाक किंवा टेबलावर हात टेकवायचा, हातोडीचा दांडा मुठीत धरायचा आणि ती सावकाश आत-बाहेर कलती करायची. मूठ हातोडीच्या डोक्याजवळ असली की हलकं जातं, दांड्याच्या टोकाकडे सरकवली की तीच हातोडी जड होते. बोटभर सरकवलं तरी फरक जाणवतो. एवढ्याशा वजनाने डाव्या हाताला कंप सुटायचा, तोच व्यायाम उजवा हात बोलता बोलता करायचा. कर्ल सुरू झाले ते यानंतर, तेही आधी अंगठा वर ठेवून.

मग रिकामा बार, २० किलो. दोन्ही हात पालथे. वजन म्हणून ते काहीच नव्हतं, पण जमिनीवरून उचलताना माझं सगळं लक्ष कानांत होतं. तो आवाज पुन्हा येईल ही भीती अनेक आठवडे गेली नाही. ती गेली ती समजुतीने नाही, तर प्रत्येक वेळी थोड्याशाच वाढवलेल्या प्लेट्सनी. जड म्हणावं असं वजन उचलायची परवानगी सहा महिने उलटल्यावर मिळाली.

मिक्स्ड ग्रिप कायमची सोडली. आता हुक ग्रिप, म्हणजे अंगठा बारला लपेटून त्यावर बोटं. ऑलिम्पिक लिफ्टिंगमध्ये तीच रूढ आहे. अंगठा सोलवटतो, पहिले काही आठवडे जीव नकोसा होतो, पण दोन्ही हात पालथे राहतात. सरावात कधी स्ट्रॅप, म्हणजे मनगटातून बारला गुंडाळायचे पट्टे, वापरतो. पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत ते चालत नाहीत, म्हणून हुक सोडत नाही. ज्यांना मिक्स्ड ग्रिपच वापरायची आहे त्यांना एवढंच सांगेन की उताण्या हाताचं कोपर शेवटपर्यंत सरळ राहू द्या, बार हाताने वर ओढू नका. टायर उलटवणं आणि दगड उचलणं या प्रकारांतही हाच टेंडन जातो, कारण तिथेही उताण्या, वाकलेल्या हाताने ओझं ओढायचा मोह होतो. आणि एका बाजूचा गेलेल्या माणसाच्या दुसऱ्या बाजूलाही धोका सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त असतो, त्यामुळे उजव्या हाताचीही तितकीच काळजी घेतोय.

वर्षभरानंतर फिजिओ मॅडमनी दोन्ही हात यंत्रावर मोजले. वाकवण्यात दोन्ही जवळजवळ सारखे. फिरवण्यात डावा अजून थोडा मागे. बधिरपणा आक्रसत नाण्याएवढ्या जागेवर आलाय. डेडलिफ्ट जुन्या वजनाच्या जवळ पोचला आहे. तळहात स्वतःकडे ठेवून चिन-अप (दांड्याला लटकून अंग वर ओढणं) फक्त अंगच्या वजनाने मारतो. कमरेला प्लेट बांधायचं की नाही ते पुढच्या तपासणीनंतर ठरेल आणि तोवर आठवड्यातून दोनदा हातोडी चालू आहे, मूठ आता दांड्याच्या टोकाला.