जुनी लाकडी उबवणी पेटी पुन्हा चालेल का?

पुण्यात जुन्या बाजारात किंवा एखाद्या वाड्याच्या माळ्यावर कोंबडीची अंडी उबवायची लाकडी पेटी हाती लागली की लोक फोटो पाठवतात आणि विचारतात, ही दुरुस्त केली तर खरंच पिल्लं निघतील, की नुसती शोभेला ठेवायची? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर उत्तर.

पिल्लं निघतात. लाकूड शाबूत असेल तर दुहेरी भिंतीची पेटी तापायला वेळ घेते, पण थंडही सावकाश होते, आणि गर्भाला हेच हवं असतं. मात्र दुरुस्ती म्हणजे पॉलिश नव्हे. पेटीचा सांगाडा जुना ठेवायचा, वीज पूर्ण नवी करायची, आणि पाणी-उष्णतेचं गणित जुन्या माहितीपत्रकावरून न करता पुण्याच्या हवेवरून करायचं.

सगळ्यात आधी दिव्याच्या किंवा हीटरच्या आसपास राखाडी-पांढरा, कागदासारखा किंवा पुठ्ठ्यासारखा थर आहे का ते बघा. असेल तर तो ॲस्बेस्टॉस समजूनच वागा. खरवडू नका, झाडू नका, पॉलिशपेपर मारू नका. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की तिथेच राहतात. तो भाग न फोडता अख्खा काढता येत नसेल तर ती पेटी शोभेलाच ठेवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग कोरडा घासायचा नाही, ओला करूनच काढायचा.

कापडी किंवा रबरी वेष्टनाची जुनी वायर पूर्ण काढून टाका, चाचणीसाठीसुद्धा प्लग लावू नका. पेटी अमेरिकी असेल तर हीटर बहुधा ११० व्होल्टचा असतो. तो २३० वर जोडला की चारपटीहून जास्त उष्णता निघते आणि मग पेटी जळते.

लाकूड तपासताना स्क्रूड्रायव्हरचं टोक तळाच्या फळीला टोचा. पाण्याचा ट्रे तिथेच असतो, त्यामुळे कुजायला सुरुवात तिथूनच होते. भुंग्याच्या भोकांतून ताजी भुकटी पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे, ती फळी बदलावी लागेल. बदलीसाठी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून जुन्या सागाची मुरलेली फळी घ्या. एमडीएफ किंवा भुश्श्याचे बोर्ड वापरू नका, दमट उष्णतेत ते फुगतात. सरसाने जोडलेले सांधे वाफ दिली की सुटतात. परत जोडताना सरस नको, पाण्यात टिकणारं मरीन प्रतीचं फेव्हिकॉल वापरा. तांब्याची गरम पाण्याची टाकी गळत असेल तर कसबा पेठेतल्या तांबट आळीत दाखवा. डाख नीट बसला की टाकीत पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा, सकाळी कागद कोरडा हवा.

आतून ऑइल पेंट किंवा व्हार्निश अजिबात नको. त्याची वाफ बंद पेटीत गर्भाला मारक ठरते. चपडा लाख स्पिरिटमध्ये, लीटरला साधारण १०० ग्रॅम, विरघळवून दोन पातळ हात द्या. मग पेटी रिकामीच ३८ अंशांवर चालू ठेवा, वास पूर्ण जाईपर्यंत. हवेची भोकं, आणि काही पेट्यांत असलेला नमद्याचा किंवा कापडाचा झिरपता थर, बुजवू नका. अंड्याला श्वास घ्यावा लागतो, आणि शेवटच्या आठवड्यात तर फारच.

आता पेटीतला सगळ्यात सुंदर भाग, इथरची चकती. लंडनच्या चार्ल्स हिअरसनने १८८१ मध्ये उबवणी यंत्रात द्रव भरलेली धातूची चपटी कुपी बसवली आणि रात्रभर दिव्याची वात वर-खाली करण्यातून माणसाची सुटका झाली. तुमच्या पेटीतली चकती त्याच तत्त्वावर चालते. दोन पातळ पत्रे कडेने जोडलेले, आत थोडं इथर, म्हणजे चटकन उडून जाणारा द्रव. इथर ३४.६ अंशांना उकळतं, चकती फुगते आणि दांडी किंवा मायक्रोस्विच (हलक्या दाबाने चालणारं छोटं बटण) ढकलते. तपासायची असेल तर आधी थंड पाण्यात धरा, मग ४५ अंशांच्या पाण्यात. मिनिटभरात टम्म फुगली तर ती चांगली. चपटीच राहिली तर इथर उडून गेलंय, नवी चकती घ्या. तिला डाख देत बसू नका. इथर भडकन पेट घेतं.

पुण्यात हिची एक खोड असते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, त्यामुळे हवेचा दाब कमी आणि इथर लवकर उकळतं. मुंबईत अचूक लावलेली चकती इथे दीड-दोन अंश आधीच फुगते. शिवाय पावसाळ्यात दाब आणखी उतरतो, म्हणून डिसेंबरात लावलेला स्क्रू जुलैत पाव अंश खाली वागतो.

म्हणून रोजचं काम एसटीसी-१००० सारख्या डिजिटल कंट्रोलरला द्या, हीटर बंद होण्या-चालू होण्यातला फरक ०.३ अंश ठेवा, आणि चकतीचा मायक्रोस्विच त्याच्याच सिरीजमध्ये, ०.८ अंश वर लावून राखणीला ठेवा. स्वस्त कंट्रोलरचा रिले (आतला स्विच) कधीकधी चिकटून बसतो आणि हीटर बंदच होत नाही. अशा वेळी जुनी चकती घाणा, म्हणजे एका वेळी लावलेली सगळी अंडी, वाचवते. उष्णतेला एका मोठ्या बल्बऐवजी ४० वॉटचे, तारेचे दोन बल्ब लावा, म्हणजे एक गेला तरी दुसरा थोडी ऊब धरतो. पाण्याच्या ट्रेला अर्थिंग आणि लाइनवर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवाच.

पंखा नसलेल्या पेटीत अंड्याच्या माथ्याच्या उंचीवर ३८.९ अंश, पंखा असेल तर ३७.७. एका थराच्या बुटक्या पेटीत पंखा घालू नये. तिची रचनाच वरून उतरणाऱ्या उबेची आहे. थर्मामीटरवर मात्र आंधळा विश्वास नको. ताप मोजायचं चांगलं डिजिटल थर्मामीटर आणि पेटीतलं, दोन्ही थर्मासमधल्या ३८ अंशांच्या पाण्यात बुडवून ताडून बघा.

सगळ्यात जास्त घाणे बिघडतात ते पाण्याने. १८ दिवस ५० ते ५५ टक्के आर्द्रता आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७५, हे सगळ्यांना पाठ असतं. पण जुलैतली २५ अंशांची, ८५ टक्क्यांची हवा पेटीत ३७.७ पर्यंत तापली की ४१ टक्क्यांवर येते. डिसेंबरच्या पहाटेची १२ अंशांची, ८० टक्क्यांची हवा तापून १७ वर. म्हणजे थंडीत पेटी सगळ्यात कोरडी, आणि एप्रिलची दुपारही तशीच. तेव्हा ट्रे भरलेला आणि त्यात उभं ओलं फडकं हवं. पावसाळ्यात अंड्यांचा स्वतःचा ओलावा धरता छोटी वाटीही पुरते.

आकड्यांपेक्षा वजनकाटा खरा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन १२ ते १३ टक्के उतरायला हवं. ५० ग्रॅमची ३० अंडी दीड किलो, म्हणजे दिवसाला साधारण १० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ट्रेसकट तोला. कमी उतरतंय तर पाणी कमी करा, जास्त उतरतंय तर वाढवा.

सुरुवातीला दुकानातली अंडी घालून तीन दिवस तापमान बघा. ती फलित नसतात, पण वस्तुमान म्हणून उपयोगी पडतात. मग सात दिवसांच्या आतली, न धुतलेली, फलित अंडी आणा. पुण्याच्या उन्हाळ्यात ती ओट्यावर ठेवली तर २१ अंशांच्या वर गर्भ अर्धवट वाढू लागतो आणि मरतो, म्हणून १५ ते १८ अंशांची जागा शोधा. दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा, अठराव्या दिवशी थांबा.

अंडी लावायचा वारही बघा. २१ दिवस म्हणजे बरोबर तीन आठवडे, तेव्हा ज्या वारी लावाल त्याच वारी पिल्लं. अनेक भागांत दुरुस्तीसाठी गुरुवारी वीज बंद असते, त्यामुळे गुरुवार-शुक्रवार टाळून शनिवारी किंवा रविवारी लावा. मधल्या गुरुवारी वीज गेलीच तर पेटीवर गोधडी टाका, पण भोकं उघडी ठेवा. तास-दोन तासांनी काही बिघडत नाही.

पिल्लं एकोणिसाव्या दिवशीच फुटून बेंबीला रक्त दिसलं तर उष्णता जास्त झाली, तेविसाव्यापर्यंत रेंगाळली तर कमी. टवका पाडून आतच चिकटून मेली तर शेवटी आर्द्रता कमी पडली किंवा कुणीतरी सारखं दार उघडलं. पोटं फुगलेली, ओलसर पिल्लं म्हणजे १८ दिवस पाणी जास्त झालं. बहुतेक पिल्लं वाळेपर्यंत दार उघडू नका. पोटातल्या बलकावर ती दिवसभर आरामात राहतात. नंतर पिसांचा भुगा आणि टरफलं काढून ट्रे धुवा, पेटी दार उघडी ठेवून दोन दिवस उन्हात वाळवा, आणि मगच पुढचा घाणा लावा.