नवतप्यातलं थ्रस्ट बेअरिंग

नवतपा, म्हणजे ऐन उन्हाळ्यातले ते नऊ जळजळीत दिवस, लागून तीन दिवस झाले होते. टर्बाइन हॉलच्या पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नव्हतं, रेलिंगला नुसता हात टेकला तरी चटका बसायचा. नागपूरबाहेरच्या एका कारखान्याच्या स्वतःच्या वीजघरात मी तेव्हा यांत्रिक देखभाल सांभाळत होतो. तीस मेगावॉटचं एकच टर्बाइन, मिनिटाला ३००० फेरे. एकवीस दिवसांचं ओव्हरहॉलिंग उरकून ते आठवड्यापूर्वी सुरू झालं होतं. आठवडाभर अठरा-वीस मेगावॉटवरच चाललं, आणि त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा पूर्ण लोडवर घेतलं.

कंट्रोल रूममध्ये सगळे खूश होते. थ्रस्ट बेअरिंगच्या, म्हणजे फिरत्या रोटरचा रेटा पेलणाऱ्या भागाच्या, पॅडचं तापमान ७८ अंश. गेल्या वर्षी पूर्ण लोडला ते ८६ असायचं. "काम झकास झालं," मोठे साहेब म्हणाले. ओव्हरहॉलिंगच्या चेकशीटवर थ्रस्ट बेअरिंगसमोर सही माझी होती, त्यामुळे शाबासकीही माझ्याच वाट्याला आली.

मला खटकलं ते ड्रेनचं तापमान. बेअरिंगमधून बाहेर पडणारं तेल ६४ अंशांवर होतं. मी शिफ्ट इन्चार्जला विचारलं, तर तो म्हणाला, "नवतपा आहे ना साहेब, कूलिंग टॉवरचं पाणीच गरम येऊन राह्यलं." पटण्यासारखंच होतं. तरी जेवणाच्या सुट्टीत मी रेकॉर्ड रूममध्ये गेलो आणि मागच्या मे महिन्याच्या लॉगशीट काढल्या. असाच पूर्ण लोड, असंच ऊन. बेअरिंगला जाणारं तेल तेव्हाही ४७ अंशांचं होतं, आजही ४७ अंशांचंच. पण तेव्हा ड्रेन होता ५८. म्हणजे तेल बेअरिंगमधून जाताना आधी अकरा अंशांनी तापायचं, आता सतरा अंशांनी तापत होतं. तेलाचा दाब तोच, तेल मोजून आत सोडणारी ऑरिफिसही तीच. उन्हाचा हिशेब तर त्या ४७ मध्येच येऊन गेला होता. ही जास्तीची उष्णता बेअरिंगच्या आत तयार होत होती, आणि पॅड मात्र आधीपेक्षा थंड असल्याचं सांगत होते.

या दोन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असणं शक्य नव्हतं. माझं जेवण राहिलं ते राहिलंच.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. टर्बाइनची वाफ रोटरला अक्षाच्या दिशेने ढकलते. तो काही टनांचा रेटा शाफ्टवरच्या एका चकतीसारख्या कॉलरमधून थ्रस्ट बेअरिंगच्या पॅडवर येतो. आमच्याकडे कॉलरच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पॅड होते. एक बाजू रेटा पेलणारी, ती ॲक्टिव्ह. दुसरी एरवी मोकळीच असते. कॉलरचा मध्यव्यास ३०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ३००० फेऱ्यांना तो पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ४७ मीटर धावतो. या धावत्या पोलादाच्या आणि पॅडवरच्या मऊ व्हाइट मेटलच्या मध्ये असतो तेलाचा एक थर, वीस-तीस मायक्रॉनचा. माणसाच्या केसाच्या निम्माही नाही. सगळा रेटा तो थर पेलतो. धातू धातूला लागतच नाही.

तो थर पंपाच्या दाबाने उचलला जात नाही. पंप फक्त तेल आणून सोडतो. कॉलर स्वतःच्या वेगाने तेल ओढत नेते, आणि पुढे जागा अरुंद होत गेली की तेलात प्रचंड दाब तयार होतो. अट एकच: मध्ये पाचर हवी, तेल शिरतं तिथे रुंद आणि बाहेर पडतं तिथे निमुळती. शाफ्टचं वजन पेलणाऱ्या गोल जर्नल बेअरिंगमध्ये ही पाचर आपसूक मिळते, कारण शाफ्ट बुशपेक्षा थोडा लहान असतो आणि फिरताना मध्यापासून जरा बाजूला सरकून बसतो.

इंजिनिअरिंग कॉलेजात, व्हीआरसीईत, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीत, आमच्या सरांनी हे शिकवताना फळ्यावर आधी रेनॉल्ड्सचं समीकरण लिहिलं नव्हतं. त्यांनी बीचम टॉवरची गोष्ट सांगितली होती. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये टॉवर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगच्या वरच्या भागात भोक पाडलं, तर शाफ्ट फिरताच त्याच भोकातून तेल वर यायला लागलं. त्याने बूच ठोकलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही टिकली नाही. शेवटी दाबमापक लावला, तर आतला दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त निघाला. ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्याचं गणित मांडलं. ते बूच मी अजून विसरलेलो नाही. ब्लूप्रिंटवर बेअरिंग पाहिलं की आधी तेच आठवतं.

थ्रस्ट बेअरिंगची अडचण अशी की कॉलरही सपाट आणि पॅडही सपाट. पाचर येणार कुठून? यावर ऑस्ट्रेलियातला मिचेल आणि अमेरिकेतला किंग्सबरी यांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच उत्तर सापडलं: पॅड पक्का बसवायचाच नाही, त्याला पाठीमागून एका टेक्यावर डुलता ठेवायचा. मग तेलाच्या दाबाने तो स्वतःच हवा तितका कलतो. मिचेलचं पेटंट १९०५ चं, किंग्सबरीचं १९१० चं. १९१२ मध्ये पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहाना नदीवरच्या होल्टवूड जलविद्युत केंद्रात किंग्सबरीचं बेअरिंग बसलं आणि पुढे कित्येक दशकं चाललं.

तर, दुपारचे साडेतीन. मी रोटरची अक्षीय सरक दाखवणाऱ्या पडद्यासमोर जाऊन बसलो. ओव्हरहॉलिंगनंतर त्याचं शून्य नव्याने लावलेलं होतं, त्यामुळे जुन्या आकड्याशी त्याची तुलना करता येत नव्हती. पण त्याच दिवसाचे आकडे होते ना. सकाळी दहाला ०.२२ मिलिमीटर, एकला ०.२५, आता ०.२९. लोड तोच, वाफ तीच. अलार्म ०.५० ला होता, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. रोटर हळूहळू पुढे सरकत होता. रोटर पुढे सरकतो म्हणजे मधलं काहीतरी झिजतंय.

काकाजींना बोलावलं. आमचे सगळ्यात जुने फिटर. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, डोळ्यांना जाड चष्मा, पण हाताला मायक्रोमीटरइतकं कळायचं. पॅड बसवले त्या दिवशी ते गव्हर्नर व्हॉल्व्हवर होते, थ्रस्ट बेअरिंगवर ठेकेदाराची माणसं होती. मी त्यांना आकडे सांगितले. ते काही बोलले नाहीत. स्टोअरमध्ये गेले आणि ॲक्टिव्ह बाजूचा एक राखीव पॅड घेऊन आले. माझ्या टेबलावरचे कागद बाजूला सारून त्यांनी तो टेक्यावर ठेवला आणि एका कडेला करंगळीने दाबलं. पॅड खाली गेला. मग दुसऱ्या कडेला दाबलं, तेव्हा जोर जास्त लागला.

"टेका मधोमध नाही याचा," काकाजी म्हणाले. "तुमी पाहा ना बोट लावून."

मी बोट लावलं. खरंच नव्हता. तेल आत शिरतं त्या कडेपासून साठ टक्क्यांवर टेका होता. पाचर चांगली पडावी, थर जाड राहावा म्हणून मुद्दाम तसा ठेवलेला. ड्रॉइंगमध्ये मी ते शंभरदा पाहिलं होतं.

"अन् पल्याडच्या बाजूचा पॅड?" काकाजींनी विचारलं.

पल्याडचा याचं आरशातलं रूप. कॉलर एकच, फिरण्याची दिशा एकच, पण समोरासमोर तोंड करून बसलेल्या पॅडना ती उलट-सुलट दिसते. म्हणून एका बाजूचे पॅड डावे, दुसऱ्या बाजूचे उजवे. माप तेच, जाडी तीच. एकमेकांच्या जागी अगदी सहज बसतात.

तेव्हा मला डिझेलचे दोन ट्रे डोळ्यासमोर दिसले. पॅड धुवायला काढले होते, एका ट्रेमध्ये आठ, दुसऱ्यात आठ. पाठीवर ठोकलेले ओळखीचे पंच घासून पुसट झालेले. कुणीतरी झाडू मारायला ट्रे उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवले होते. मी डायल गेज लावून रोटरचा फ्लोट, म्हणजे दोन्ही बाजूंच्या पॅडमध्ये त्याला पुढे-मागे सरकायला मिळणारी मोकळीक, मोजला, ०.३६ मिलिमीटर आला. ०.३० ते ०.४० च्या आत. सही केली. पॅड अदलाबदल झाले तरी फ्लोट तेवढाच येणार, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातच आलं नाही.

आता सगळं जुळत होतं. रेटा पेलणाऱ्या बाजूला टेका साठऐवजी चाळीस टक्क्यांवर गेलेला. पुढची कड मोकळी होऊन आत तेल घ्यायला हवं, तर पॅड जवळजवळ सपाटच राहत होता. पाचर नीट पडत नव्हती. असं बेअरिंग चालतं, पण पेलतं कमी, म्हणून कमी लोडवर आठवडाभर काही जाणवलं नाही. आणि ते ७८ अंश? पॅडमधला आरटीडी, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर, सगळ्यात तापणाऱ्या जागेजवळ असतो, पुढच्या कडेपासून पंचाहत्तर टक्क्यांवर. पॅड उलट्या बाजूला गेला की तोच आरटीडी पंचवीस टक्क्यांवर येतो, जिथे तेल नुकतंच, थंड, आत शिरत असतं. आरटीडी खरंच सांगत होता, पण भलत्या जागेचं.

मोठ्या साहेबांकडे जाताना पाय जड झाले होते. मशीन थांबवायचं म्हणजे कारखान्याला बाहेरून वीज घ्यावी लागणार, आणि कारण विचारल्यावर माझीच सही समोर येणार. मी दोन्ही लॉगशीट आणि तो पॅड त्यांच्यासमोर ठेवला आणि म्हणालो, "साहेब, तपासणीत चूक माझी आहे. पण आज रात्रीतून व्हाइट मेटल गेलं तर रोटर जाईल." त्यांनी पॅडला स्वतः बोट लावून पाहिलं. मग सरकेचा आकडा विचारला. मी फोन लावला, ०.३१. ते दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "लोड उतरवा." मला ते काहीच टाकून बोलले नाहीत, आणि त्याचं ओझं मला बोलण्यापेक्षा जास्त वाटलं.

केसिंग थंड होईपर्यंत दीड दिवस रोटर बॅरिंग गिअरवर, म्हणजे मोटरच्या गिअरने, संथ फिरवत ठेवावा लागला. तिसऱ्या दिवशी पहाटे बेअरिंगचं वरचं कव्हर उचललं. ॲक्टिव्ह बाजूचे पहिले दोन पॅड काळपट झाले होते. तिसरा हातात घेतला, तर त्याच्या मधल्या भागापासून मागच्या कडेपर्यंत व्हाइट मेटल लोण्यासारखं पुढे ओढलं गेलेलं, आणि कडेला त्याची पातळ, धारदार जीभ लोंबत होती. आरटीडी होता त्या बाजूला मात्र स्क्रॅपरच्या खुणा जशाच्या तशा दिसत होत्या. अशी ओढ तीन पॅडांवर निघाली. कॉलर वाचली होती. काकाजींनी तिच्यावरून नख फिरवलं, मग कापड, मग पुन्हा नख, आणि मान हलवली.

दुसऱ्या बाजूचे आठही पॅड नवेच्या नवे. ते खरे ॲक्टिव्हचे, आठवडाभर मोकळ्या बाजूला बिनभाराचे बसून राहिलेले. ते आपल्या जागी आणले, मोकळ्या बाजूला स्टोअरमधला राखीव संच लावला. यावेळी बसवण्याआधी प्रत्येक पॅड टेक्यावर ठेवून, फिरण्याची दिशा कॉलरवर खडूने काढून, मी सोळाही पॅडांना स्वतः बोट लावलं. काकाजी शेजारी बसून पाठीवर नवे पंच ठोकत होते, एका बाजूला "अ", दुसऱ्या बाजूला "ब".

संध्याकाळी मशीन घेतलं, रात्री पूर्ण लोड दिला. नवतपा अजून सरला नव्हता. सरकेचा आकडा ०.१९ वर आला आणि तीन तास तिथून हलला नाही. मी घरी जाऊन जरा पडलो, तोच शिफ्ट इन्चार्जचा फोन. आवाजात काळजी होती. "साहेब, पॅड सत्त्याऐंशी दाखवून राह्यलं. पहिलेपेक्षा नऊनं वाढलं ना!"

"ड्रेन किती?"

तो पडदा पाहायला गेला. परत आला.

"अठ्ठावन्न."