नीटनंतरची सुट्टी रुग्णालयात

एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या ७२० गुणांवर ठरतो. रुग्णालयात सेवा केल्याचा त्यात एकही गुण मिळत नाही. म्हणून पुण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून जाते म्हटल्यावर घरातून पहिला प्रश्न आला, "त्याचा उपयोग काय?" मला मात्र साडेचार वर्षं आणि वर इंटर्नशिपचं एक वर्ष द्यायच्या आधी हे काम जवळून बघायचं होतं.

कॉलेजचं पत्र, आईबाबांची संमती, हिपॅटायटिस बीच्या लसीची नोंद, एवढं दिल्यावर परवानगी मिळाली. रुग्णाची ओळख पटेल असं काही बाहेर बोलायचं नाही, हेही लिहून घेतलं.

बसवलं समाजसेवा विभागात. सुरुवातीला थोडी हिरमुसले, कारण मनात वॉर्ड होता. पण खरं शिक्षण तिथेच झालं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, हे अनेकांना दाखल झाल्यावरच कळतं. मग रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला... रुग्णापाशी बसलेला एकुलता एक माणूस कागदांसाठी गाव गाठतो. तेवढा वेळ रुग्णाजवळ कोण? हा प्रश्न मला जीवशास्त्राच्या पुस्तकाने कधी विचारला नव्हता.

एका आजोबांना इन्सुलिन सुरू होणार होतं. डोस, वेळ, सगळं सांगून झालं. आजोबा "व्हय, व्हय" म्हणत होते. मग डॉक्टर मॅडमनी विचारलं, "आजोबा, घरी फ्रीज आहे का?" नव्हता. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. मॅडमनी जास्तीच्या बाटल्या लिहिल्याच नाहीत, एकावेळी एकच दिली. ती पिशवीत घट्ट बांधून ओल्या वाळूच्या मडक्यात, सावलीत कशी ठेवायची, हे सिस्टरनी सुनेला दाखवलं आणि तिच्याकडून परत वदवून घेतलं. तो एक प्रश्न राहिला असता, तर पुढच्या भेटीला साखर वाढलेली दिसली असती आणि "औषध नीट घेत नाहीत" असा शेरा बसला असता. मला डॉक्टर व्हायचंय ते असे प्रश्न विचारण्यासाठी.

तुम्हाला जायचं असेल तर ऑपरेशन थिएटरचा हट्ट धरू नका. समाजसेवा विभागात काम मागा, आणि केस पेपर भरताना समोरच्याचं बोलणं मध्येच तोडू नका.