बाईंनी शिकवलेले उत्तर

सहावीत असताना वक्तृत्व स्पर्धेत मला पहिले बक्षीस मिळाले. पारितोषिक वितरणाच्या वेळी पाहुण्यांनी कौतुकाने पाठीवर हात ठेवला, तेव्हा मी मान खाली घालून म्हणाले, "मी काहीच केले नाही." टाळ्या पडल्या आणि पाहुणे माझ्या नम्रतेविषयी आणखी चार शब्द बोलले. कार्यक्रम संपल्यावर पवित्र शास्त्राचा तास घेणाऱ्या बाईंनी मला बाजूला बोलावले. त्या रागावल्या नाहीत. महिनाभर शाळा सुटल्यावर थांबून पाठांतर कोणी केले, एवढेच त्यांनी विचारले. मी केले, असे मी सांगितले. "मग मघाशी खोटे का बोललीस? मेहनत केली असे म्हण, आणि ती कोणामुळे करता आली तेही म्हण. आता जाजम गुंडाळायला ये." समारंभानंतर सभागृहातले जाजम बक्षीस मिळवणाऱ्या मुलांनीच शिपाईमामांबरोबर गुंडाळायचे, हा आमच्या शाळेचा रिवाज तेथे शिकलेल्या माझ्या वयाच्या अनेकांना आठवत असेल.

पुढे मी परिचारिका झाले आणि पुण्यातच रुग्णसेवेत सारे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर गेल्या वर्षी जाहीर सत्कार झाला. शाल, श्रीफळ, मानपत्र, चौकात फ्लेक्स. त्या फ्लेक्सवरून जाता यावे म्हणून मी दोनदा वाट वाकडी केली, आणि हे मला त्या रात्री प्रार्थनेत कबूल करावे लागले. सत्कार नाकारावा असेही एकदा वाटले होते; पण नाकारण्यातही लोकांनी आपल्याकडेच पाहावे अशी इच्छा असू शकते, हे बाईंच्या त्या प्रश्नामुळे मला लहानपणीच कळले होते.

बायबलातल्या योहानकृत शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय बाईंनी आम्हांला वर्षभर पुन्हा पुन्हा वाचायला लावला. त्याच्या आधीच्याच अध्यायात यरुशलेमेचे लोक झावळ्या घेऊन जयघोष करीत प्रभू येशूला सामोरे जातात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी प्रभू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. पाय धुण्याची गोष्ट सर्वांना माहीत असते. बाई मात्र त्यापुढच्या एका वचनावर थांबायच्या: तुम्ही मला गुरू व प्रभू म्हणता ते योग्यच आहे, कारण मी तसा आहे, असे येशू तेथे शिष्यांना सांगतो. आपल्याला दिलेला मान तो खोटा ठरवीत नाही, आणि तरीही ज्या कामाला घरातला चाकर बसवायचा त्या कामाला स्वतः बसतो. लीनता म्हणजे स्वतःविषयी खोटे सांगणे नव्हे, हे मी तेथे शिकले.

मानाचा भरवसा किती धरावा, हे बायबलातल्याच 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात दिसते. लुस्त्र गावी जन्मापासून पांगळा असलेला माणूस चालू लागला, तेव्हा देवच मनुष्यरूपाने उतरले असे समजून लोकांनी पौल व बर्णबा या प्रेषितांसाठी बैल आणि फुलांच्या माळा आणल्या. त्या दोघांनी आपली वस्त्रे फाडली आणि आम्हीही तुमच्यासारखीच माणसे आहोत, असे ओरडून सांगितले. पुढे बाहेरगावच्या विरोधकांनी त्याच लोकांची मने फिरवली आणि पौलाला दगडमार करून, तो मेला असे समजून, गावाबाहेर ओढून टाकले. इतक्या थोड्या ओळींत माळा आणि दगड दोन्ही येतात.

पुण्याला हे नवे नाही. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी ज्यांना 'सरस्वती' ही पदवी दिली, त्या पंडिता रमाबाईंचे 1882 साली पुण्याच्या सुधारकांनी स्वागत केले. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतल्यावर याच शहराने त्यांच्यावर कठोर टीकाही केली, आणि विधवांसाठी काढून पुण्यात आणलेल्या त्यांच्या शारदासदन या निवासी शाळेवरून पुढे मोठे वादळ उठले. मला त्यांच्याविषयी सर्वांत अधिक वाटते ते वेगळ्याच गोष्टीसाठी. ज्यांच्या नावाआधी 'पंडिता' लागले होते, त्या बाईंनी उतारवयात केडगावला हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला, कारण अल्पशिक्षित स्त्रियांना समजेल अशा सोप्या मराठीत त्यांना पवित्र शास्त्र आणायचे होते. 1919 साली सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले, तेव्हाही हेच काम चालू होते. शिष्यत्व हा शब्द उच्चारला की मला पुस्तकावर वाकलेल्या त्या वृद्ध विद्यार्थिनीचीच आठवण होते.

सत्काराला उत्तर देताना मी शाळेतल्या बाईंचे ऐकले. रात्रपाळ्या मी केल्या, असे सांगितले. मग ज्यांच्या हातांशिवाय त्या निभावल्या नसत्या त्या वॉर्डातल्या मावशी आणि मामा यांच्याविषयी बोलले. बेडपॅन त्यांनी उचलले, भेदरलेल्या नातेवाइकांना पाणी त्यांनी दिले, आणि नाव मात्र सिस्टरचे झाले. शेवटी परमेश्वराचे आभार मानले आणि बसले.

सध्या आठवड्यातून एकदा मी एका तरुण परिचारिकेकडे शिकायला जाते. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर काही स्त्रियांच्या हाताला सूज येते. त्यावर थरांची पट्टी बांधावी लागते. ती बोटांपासून सुरू करायची, ताण पंजाजवळ जास्त आणि दंडाकडे कमी ठेवायचा. माझ्या उमेदीच्या काळात हे मला कोणी शिकवले नव्हते. सत्काराची बातमी वाचल्यापासून ती मुलगी माझ्या चुका दाखवायला संकोचू लागली होती, म्हणून मी तिला या जाजमाची हकीकत सांगितली. गेल्या खेपेस तिने माझी पट्टी कोपरापाशी बोटाने चाचपून पाहिली, "मॅडम, इथे सैल आहे," असे म्हणाली आणि सगळी सोडून पुन्हा बांधायला लावली.