कुशिंगच्या ऑपरेशननंतरचं वर्ष

ऑपरेशननंतर रक्तातलं सकाळचं कॉर्टिसोल, म्हणजे ताण पेलायला लागणारं संप्रेरक (हार्मोन), २ च्याही खाली आलं आणि डॉक्टरांचा चेहरा खुलला. "इतकं कमी आलं म्हणजे गाठ नीट निघाली." मला मात्र कूस बदलायचंही त्राण नव्हतं.

मला कुशिंग होता, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल जादा होण्याचा आजार. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतली जेमतेम काही मिलिमीटरची गाठ एसीटीएच हे कॉर्टिसोल बनवायला सांगणारं संप्रेरक बनवत होती, त्यामुळे मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी रात्रंदिवस कॉर्टिसोल सोडत होत्या. चेहरा गोल, पोटावर जांभळे पट्टे, बीपी, साखर, सगळं त्यातूनच आलं. गाठ नाकावाटे काढली. पण तिच्यामुळे पियुषिकेच्या निरोगी पेशींनी काम थांबवलेलं असतं. त्या पुन्हा कामाला लागायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. तोवर कॉर्टिसोलची उणीव भरून काढणाऱ्या हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या.

सुरुवातीची पथ्यं निभावली: नाक शिंकरायचं नाही, खाली वाकायचं नाही, लघवी मोजायची, सोडियम तपासायचं. जड गेलं ते पुढचं. डोस थोडा उतरवला की मनगटं, गुडघे ठणकायचे, मळमळायचं, कातडीचे पापुद्रे निघायचे. दोन पोळ्या लाटल्या की बोटं मिटेनात. मांड्यांची ताकद आजारानं आधीच खाल्ली होती, त्यामुळे जमिनीवरून उठायला पलंगाची कड धरावी लागायची. भेटायला येणारे म्हणायचे, "बारीक झालीस, छान दिसतेस. आता कसला त्रास?" फार लागायचं ते. शरीराला वर्षानुवर्षं जादा कॉर्टिसोलची सवय झालेली असते. नेहमीपुरतं मिळालं तरी ते कमीच पडतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं, तर गाठ परत आली की काय या भीतीत इतक्या रात्री गेल्या नसत्या.

फ्रिजवर आम्ही कागद चिकटवलाय: ताप आला तर गोळी दुप्पट, उलटीमुळे गोळी पोटात टिकली नाही तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि थेट दवाखाना. पावसाळ्यात ताप भरला तेव्हा सासूबाईंनीच चष्मा लावून तो वाचला. "दुप्पट घेतलीस का गं?" मला ग्लानीत सुचलंच नव्हतं. तेव्हापासून तसंच एक कार्ड पर्समध्येही असतं.

परवा गोळी घेण्याआधी सकाळी ८ वाजता रक्त दिलं. कॉर्टिसोलचा आकडा पहिल्यांदाच चांगला वर सरकलाय. दुपारची गोळी बंद झाली. सकाळची चालू आहे, आणि डॉक्टर सांगेपर्यंत मी ती एक दिवसही चुकवणार नाही.